शोक अद्याप पोहोचला नाही

मी मेलो तेव्हा अंगणात राखुंडीनं दात घासत होतो. सकाळचे साडेसहा वाजले होते. तोंडात राख, हातात तांब्या, आणि डोक्यावर एकदम काहीतरी फडफडलं. कावळा होता. धड बसलाही नाही, नुसते पंजे टेकवले आणि माझी काळी टोपी घेऊन उडाला.

शेजारच्या ओट्यावरून ओहोळांचा आवाज आला, "शिवला की हो तुम्हाला!"

"टोपी नेली!"

"नेऊ दे. तुम्हाला शोभत नव्हतीच."

रमाकांत ओहोळ म्हणजे रेल्वेतले निवृत्त सिग्नल इंजिनियर. त्यांना वाटलं विनोद झाला. मलाही तसंच वाटलं. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कंदिलाच्या खांबाला मात्र तसं वाटलं नाही. त्या कंदिलात कॅमेरा होता.

मरणाआधीचं थोडं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी खेड्यातला कुणी म्हातारा आहे. मी मधुसूदन उकिडवे, वय अठ्ठावन्न, साल २०४८. पुण्यातल्या एका लिफ्टच्या कंपनीत दिलगिरी विभागाचा प्रमुख. यंत्रानं मागितलेली माफी ही माफी धरू नये, असा मध्यंतरी कायदा झाला. त्यामुळे माफी यंत्र लिहायचं आणि सही माणूस करायचा. तो माणूस मी. दिवसाला तीनशे सह्या. लिफ्टमध्ये कुणी अडकलं, कुणाची म्हैस अडकली (हो, अडकली होती, तळेगावला), सगळ्यांना माझं एकच वाक्य जायचं: 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत.' मूळ मसुदा माझाच होता. पुढे इतर कंपन्यांनी तो उचलला.

मग मला शीण लागला. झोप नव्हे, शीण. दहा तास झोपून उठावं आणि उठल्या उठल्या वाटावं की आता बसावं.

हा शीण त्या सुमारास अर्ध्या महाराष्ट्राला लागला होता. त्याचं कारण डॉ. वसुधा केळूसकरांनी शोधून काढलं. आपल्या मेंदूत काही पेशी असतात, त्या फक्त वाट पाहताना काम करतात. दूध तापायची वाट, पत्राची वाट, पाहुण्याची वाट. अशा वेळी त्या संथ ठेका धरतात, आणि त्या ठेक्यात मेंदू आपली धुणीभांडी उरकून घेतो. पण आमच्या प्रत्येकाच्या कानात 'सोबती' बसला होता. तुम्ही प्रश्न अर्धा विचारलात की तो उत्तर पूर्ण द्यायचा. चहा प्यावासा वाटायच्या आधी चहा दारात. वाट पाहायचं कामच उरलं नाही. प्लॅस्टरमधला हात बारीक होतो तशा त्या पेशी वाळल्या, आणि डोक्यात खरकट्याचा ढीग साचला. तोच शीण.

औषध एकच: वर्षभर अशा जागी राहायचं, जिथे कुठलीही गोष्ट लगेच होत नाही.

आता अशी जागा म्हणजे कुठलंही सरकारी कार्यालय, असं तुम्ही म्हणाल. पण तिथे चीड येते, आणि चिडीनं पेशी आणखी वाळतात. म्हणून एका कंपनीनं पाटणच्या वरच्या पठारावर आदर्श गाव वसवलं. स्वस्थपूर. साल कायमचं १९१२. १८९७ला प्लेग, १९१४ला महायुद्ध, १९१८ला तापाची साथ, तेव्हा मधलं त्यातल्या त्यात बरं साल म्हणून समितीनं हे निवडलं. एकतीस डिसेंबरला घंटा वाजते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक जानेवारी १९१२. पठारावर चाळीस पवनचक्क्या आहेत. त्या हलवता आल्या नाहीत, म्हणून त्या दिसत नाहीत असं प्रवेश अर्जावर लिहून द्यावं लागतं.

गाव चालवायला माणसं ठेवली की ती फोन वापरतात. म्हणून गाव चालवतो 'कारभारी'. त्याला तोंड नाही, पडदा नाही. त्याला त्या काळची लाखो पत्रं, वर्तमानपत्रं, रोजनिश्या वाचायला घातल्या आणि सांगितलं, आता असंच चालव. त्याच्याशी बोलायचं तर पोस्टात कार्ड टाकायचं. उत्तर तिसऱ्या दिवशी. पहिले सहा महिने उत्तरं मोडी लिपीत यायची, त्यामुळे कुणाची कुठलीच तक्रार सुटली नाही आणि सगळ्यांची प्रकृती झपाट्यानं सुधारली, असं म्हणतात.

कारभारी वाईट नव्हता. त्याला खरं-खोटं कळत नव्हतं इतकंच. त्याला फक्त 'याच्यापुढे काय येतं' ते कळायचं. मध्यंतरी वाण्याच्या दुकानात एक उंदीर मेलेला सापडला. त्याच्या पत्रांत मेलेल्या उंदराच्या पुढे काय येतं? आम्ही चारशे माणसं नऊ दिवस गावाबाहेर झोपड्यांत राहिलो. बायकांचंही तसंच. संगणकशास्त्राच्या दोन निवृत्त प्राध्यापिका आल्या, तर कारभाऱ्यानं त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. त्यांनी संप केला. शेवटी तोड अशी निघाली की गावातली प्रत्येक बाई सुधारक आहे असं नोंदवायचं. ते त्यानं मान्य केलं, आणि गावच्या वर्तमानपत्रात रोज त्यांच्यावर अग्रलेख यायला लागले.

ओहोळांना मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, तुम्ही इथं कसे?

ते म्हणाले, "उकिडवे, खऱ्या १९१२ मध्ये मला या विहिरीवर पाणी भरू दिलं असतं का?"

"नाही."

"म्हणून आलो. रोज सकाळी सहा बादल्या काढतो. मला एकच लागते."

तर कावळा शिवला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मी खानावळीत पाटावर बसलो. वाढपी (पाळी आलेला आमच्यातलाच एक) आला, त्यानं माझ्याकडे पाहिलं, खिशातलं कार्ड काढून वाचलं आणि माझं ताट उचलून नेलं.

"अहो, ताट!"

"तुमचं नाव कमी झालंय काका."

"कमी म्हणजे?"

तो शेजाऱ्याला भात वाढत म्हणाला, "मला लिहून आलंय तेवढं सांगतो. मयत."

मी तडक कचेरीत गेलो. तिथं मामलेदार बसतात. खरं नाव निखिल टेंबे, वय चौतीस, शिक्षण व्यवस्थापनशास्त्र. त्यांचं पागोटं सारखं डाव्या कानावर उतरायचं, त्यामुळे ते नेहमी मान तिरकी करून बोलायचे. गावात खरा पगारी माणूस एवढा एकच.

"बसा उकिडवे. झालं ते फार वाईट झालं," टेंबे म्हणाले.

"काय झालं?"

"तुम्ही गेलात."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. जुन्या काळी अंगाला कावळा शिवणं हा मोठा अपशकुन. त्यावर उतारा असा की तो माणूस मेला म्हणून नातेवाइकांना खोटंच पत्र पाठवायचं. कार्डाचा कोपरा फाडून. ते बिचारे रडायचे. रडले की अपशकुन फिटला. मग दुसरं पत्र जायचं: माणूस खुशाल आहे, आपण शोक केलात, गंडांतर टळलं. कारभाऱ्यानं अशी शेकडो पत्रं वाचलेली होती. कावळ्यापुढे काय येतं हे त्याला पक्कं ठाऊक. त्यानं कार्ड लिहिली आणि स्वतःच्या हातानं कोपरे फाडले.

"मग रडू द्या की त्यांना. पण माझं ताट का उचललं?"

"तीच जरा अडचण आहे." टेंब्यांनी पागोटं सरळ केलं. "मृत्यू कळवायचे अधिकार सरकारनं कारभाऱ्याला दिलेत. कारण तुमच्या गादीखाली पट्टी आहे, ठोके त्याला कळतात. त्यामुळे त्याचं पत्र गेलं की ते मृत्यूच्या नोंदवहीत आपोआप चढतं. एका हातानं तो पत्र लिहितो, दुसऱ्या हातानं वाचतो."

"पण पट्टी सांगते ना मी जिवंत आहे?"

"सांगते. कालचेही ठोके आहेत. पण पत्र परवाचं असलं तरी चढलंय आज. नंतरचा कागद खरा धरतात."

"बरं, मग दुसरं पत्र पाठवायला सांगा."

"ते जाईलच. नातेवाईक रडले की."

"आणि नाही रडले तर?"

टेंब्यांनी माझ्याकडे न बघता टाक दौतीत बुडवला. "तेराव्या दिवशी नोंद कायम होते. मग ती कुणालाच उघडता येत नाही. तुमचा अंगठा, डोळे, आधार, आत्ता बंद आहे ते सगळं कायमचं बंद. इथलं फाटकसुद्धा तुमच्यासाठी उघडणार नाही. मेलेला माणूस बाहेर कसा जाईल? पण तुम्ही काळजी करू नका हो! मुलगी आहे ना तुम्हाला?"

"आहे," म्हणून मी उठलो.

केतकी, माझी मुलगी, सांगलीला जनावरांची डॉक्टर आहे. सहा वर्षं आम्ही बोललो नव्हतो.

ओहोळ मला त्यांच्या ताटातलं अर्धं जेवायला द्यायला लागले. कारभारी रोज एक कार्ड पाठवायचा, तेही माझ्याच घरी, कारण जुन्या काळी पत्र माणसाला येत नसे, घराला येत असे. 'सोलापूर, मावसभाऊ. हळहळले. हळहळ धरली जात नाही.' दुसऱ्या दिवशी: 'वेंगुर्ला, चुलत बहीण. रडल्या, परंतु टीव्हीवरील मालिका पाहून.' बाहेर सगळ्यांच्या कानात सोबती होतेच, ते इमानदारीत सगळं कळवत होते. आणि रोज शेवटची ओळ: 'सांगली, कन्या. कोरडी. शोक अद्याप पोहोचला नाही.'

पाचव्या दिवशी टेंबे माझ्यासाठी पाटणला उतरले आणि मुख्य कंपनीला फोन करून आले.

मी फाटकाच्या आतूनच विचारलं, "काय म्हणाले?"

त्यांनी चिठ्ठीवरून वाचलं, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत."

"पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच."

पुढे काही नसतं हे मला माहीत होतं. मीच तसं लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी ओहोळांनी विचारलं, "पोरगी का रडत नाही हो? भांडण काय?"

सांगितलं मी. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. सहा वर्षांपूर्वी केतकीची आई दवाखान्यात होती. शेवटचा दिवस आहे हे आम्हाला माहीत नव्हतं, पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं असतं. त्याच दिवशी ठाण्याला एक लिफ्ट पडली होती. 'दहा मिनिटांत येतो,' म्हणून मी सह्या करायला गेलो. परत आलो तेव्हा पांढरी चादर ओढलेली होती. केतकीनं मला मेसेज पाठवला होता, लांबलचक. मला तो वाचवेना. सोबतीनं विचारलं, उत्तर देऊ? मी हो म्हटलं. त्यानं माझ्याच वाक्यांतून माझ्यासारखं उत्तर लिहिलं आणि पाठवलं.

"काय पाठवलं?" ओहोळ म्हणाले.

"दिलगीर आहोत."

"आहोत?"

"आहोत."

ओहोळांनी बराच वेळ पवनचक्क्यांकडे पाहिलं, ज्या दिसत नाहीत. मग म्हणाले, "मी पण नसतो रडलो."

दहा दिवस असे गेले. गंमत म्हणजे माझी प्रकृती सुधारत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा कशाची तरी खरोखर वाट पाहत होतो. सकाळी टपाल, संध्याकाळी टपाल. पेशी बहरल्या असणार. मेलेल्या माणसाला त्याचा उपयोग काय, तो भाग वेगळा.

अकराव्या दिवशी दुपारी फाटकाबाहेर जीप थांबली. चिखलानं माखलेले बूट, बाह्या कोपरापर्यंत वर. सहा वर्षांत तिच्या कानशिलावर पांढरे केस आले होते. फाटकावरच्या पाहुण्यांच्या नोंदवहीत तिनं नाव लिहिलं, मान वर केली आणि गजांच्या आड मला पाहिलं.

"आहात की," केतकी म्हणाली.

"आहे."

"वाटलंच मला."

"कसं काय?"

"कार्डात लिहिलं होतं, अखेरीस सर्वांची क्षमा मागितली. म्हटलं, शक्य नाही."

ओहोळ मागे उभे होते, त्यांना खोकला आला.

फाटक ना तिला परवानगीच्या कार्डाशिवाय आत घेत होतं, ना मला बाहेर सोडत होतं. टेंब्यांनी दोन स्टुलं दिली, एक आत, एक बाहेर. मग त्यांनी तिला सगळा प्रकार सांगितला. कावळा, कार्ड, तेरावा दिवस. ती ऐकत होती आणि हळूहळू हसायला लागली. मग हसणं थांबवून म्हणाली, "म्हणजे मी रडायला हवं होतं."

"हवं होतं असं नाही," मी म्हणालो.

"प्रयत्न केला हो बाबा, खरंच केला. कार्ड आलं तेव्हा माझा हात खांद्यापर्यंत एका म्हशीच्या पोटात होता. रेडकू आडवं आलेलं. मालकानं वाचून दाखवलं. मी म्हटलं, थांबा, आधी हे. मग घरी जाऊन बसले. कांदे चिरले, चार. काही नाही. मग माझीच मला भीती वाटली, म्हणून आले."

"आता रडा की! आत्ता रडा," टेंबे उत्साहानं म्हणाले.

"समोर बसलाय माणूस, कसं रडू?"

"तेही खरंच. आणि जिवंत आहे हे कळल्यावर रडलेलं कारभारी धरतही नाही."

टेंब्यांचं पागोटं उतरलं, ते त्यांनी तसंच राहू दिलं. मी तिला विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली, वडापाव खाल्ला, कराडला. एवढंच.

थोड्या वेळानं ती बुटाच्या टोकानं माती उकरत म्हणाली, "त्या दिवशी दीड तास लागला होता तुम्हाला. मी आईकडे नव्हते बघत. मी दाराकडे बघत होते. माझं ते राहिलंय. तिच्याकडे बघायचं."

मला तोंड उघडायचं होतं. पण उघडलं असतं तर त्यातून कुठलं वाक्य बाहेर पडलं असतं ते मला माहीत होतं. मी बंदच ठेवलं.

तेवढ्यात ओहोळ म्हणाले, "सुतक!"

"काय?"

"मेलेला माणूस सुतक पाळतो का, टेंबे?"

"नाही."

"शोक करतो का?"

"कसा करेल?"

"म्हणजे जो शोक करतो तो जिवंतच असला पाहिजे. बरोबर? आमच्याकडे सिग्नल असेच असतात. एक हिरवा झाला की समोरचा लाल व्हावाच लागतो. दोन्ही एकदम हिरवे होऊच शकत नाहीत, तारा तशा बांधलेल्याच असतात." ओहोळांनी फाटकावरच्या कंदिलाकडे बोट दाखवलं. "या पोरीचं नाव गावच्या नोंदवहीत लागलंय. हिला कावळा शिवू दे. कारभारी पत्र लिहील. कुणाला लिहील? नवरा आहे का गं?"

"होता," केतकी म्हणाली.

"म्हणजे पत्र उकिडव्यांच्या घरी. हे रडले की कारभाऱ्याला यांचा शोक लिहावा लागेल. आणि शोक लिहिला की हे जिवंत."

टेंब्यांनी टाक शोधला, मिळाला नाही. "हे... हे शास्त्रशुद्ध आहे हो."

"पण मला माहीत असेल ना ती जिवंत आहे? कळल्यावर रडलेलं धरत नाही म्हणालात," मी म्हणालो.

"ती गेल्याची बातमी तुम्हाला कुणी दिलीच नाहीये अजून," टेंबे म्हणाले. "बातमी यायच्या आधी तुम्हाला काय ठाऊक होतं, ते कारभारी विचारात घेत नाही. त्याला पत्रापुढे काय येतं तेवढंच दिसतं."

केतकी उभी राहिली. "कावळा कुठे मिळेल?"

पुढचा दीड तास एक शिकलेली बाई डोक्यावर भाकरीचा तुकडा ठेवून कंदिलाच्या खांबाखाली उभी होती, आणि तीन पुरुष हात जोडून काव काव करत होते. कावळे तारेवर रांगेत बसून बघत होते. एकही हलेना.

टेंबे कुजबुजले, "पिंडाला शिवत नाही तसं झालं. काहीतरी इच्छा राहिली असणार."

"कुणाची?" मी विचारलं.

"माझी खूप आहेत," केतकी मान न हलवता म्हणाली. "बाबा, आश्वासन द्यायचं असतं अशा वेळी. बोला काहीतरी."

मी घसा साफ केला. "केतकी, यापुढे मी..."

"खात्याचं नको."

मी पुन्हा सुरुवात केली. कावळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यातला एक उडून चक्क पलीकडच्या झाडावर गेला. शेवटी ओहोळांनी धोतराच्या ओच्यातून पुडी काढली. तिखट शेव. गावात बंदी होती, ते चोरून आणायचे. मूठभर शेव त्यांनी केतकीच्या केसांवर टाकली मात्र, तीन कावळे एकदम कोसळले. इच्छाबिच्छा काही नव्हती, भाकरी शिळी होती.

जवळचं टपाल होतं म्हणून कार्ड चार वाजता आलं. कोपरा फाटलेला. मी ते घेऊन फाटकाशी स्टुलावर बसलो. बाहेर केतकी केसांतली शेव झटकत होती.

"काय लिहिलंय?"

मी वाचलं. सुरुवात नेहमीची होती. 'लिहिण्यास अत्यंत दुःख होते की...' मसुदा बरा होता. मी असतो तर 'अत्यंत' काढलं असतं.

"रडू येतंय का?"

"नाही अजून."

"बाबा, पाच वाजता टपाल बंद होतं!"

टेंबे धावत जाऊन कांदा घेऊन आले. मी कांदा नाकाशी धरला. मालिकेचं न धरणारा कारभारी कांद्याचं काय धरणार, हे आम्हाला नंतर सुचलं. ओहोळ म्हणाले, लहानपणचं काहीतरी आठवा हिचं. मी आठवलं. तिचा पहिला दात पडला तेव्हा मी औरंगाबादला होतो. शाळेच्या नाटकात ती झाड झाली होती, तेव्हा बंगळूरला. आठवायला मी तिथं असायला तर हवं. आठवता आठवता मी कार्डाची शेवटची ओळ वाचली.

'चि. केतकी अखेरपर्यंत दाराकडे डोळे लावून होती.'

छापील वाक्य होतं. कारभाऱ्यानं ते हजार कार्डांतून उचललं असेल. तशी वाक्यं मी आयुष्यभर दिवसाला तीनशे या दरानं पाठवली, कुणाची लिफ्ट, कुणाची म्हैस, पत्ते न बघता. हे वाक्य मात्र बरोबर पत्त्यावर आलं होतं.

मी मान वर केली. ती गजांना धरून उभी होती. माझ्याकडे बघत होती, टपालाला उशीर होईल म्हणून वैतागून, आणि तिच्या भुवईवर शेवेचा एक तुकडा अडकला होता. सहा वर्षांपूर्वी त्या दारात मी नव्हतो तेव्हा ती अशीच दिसत असेल, भुवईवर शेव सोडली तर.

मग मला आवरेना. मला वाटलं होतं रडणं म्हणजे दोन थेंब आणि रुमाल. माझ्या तोंडातून जनावरासारखा आवाज निघाला. ओहोळांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, टेंबे पागोट्याच्या टोकानं स्वतःचेच डोळे पुसायला लागले. "माझं चुकलं," मी म्हणालो, "चुकलं गं," आणि पुढचं वाक्य मला माहीत नव्हतं.

केतकी रडली नाही. तिनं गजांतून हात आत घातला आणि माझं मनगट धरलं, नाडी बघतात तसं.

पाचला सात मिनिटं कमी असताना पोस्टातून कार्ड आलं. टेंब्यांनी मोठ्यानं वाचलं, "मृतास शोक करिता येत नाही. सबब श्री. मधुसूदन उकिडवे हे हयात आहेत. कन्येबद्दलचा शोक पोहोचला. तिच्या खुशालीचे पत्र उद्या सकाळच्या टपालाने रवाना होईल."

फाटक कुरकुरत उघडलं.

मी बाहेर आलो. माझी चार महिन्यांची मुदत राहिली होती, पण टेंबे म्हणाले, जा, तुम्ही बरे झालात, मी लिहितो तसं. ओहोळांनी राहिलेल्या शेवेची पुडी माझ्या खिशात कोंबली. "सांगलीला गेल्यावर पत्र टाका. सावकाश टाका."

आम्ही जीपमध्ये बसलो. केतकीनं अंगठा लावला. जीप गप्प. पुन्हा लावला. समोरच्या काचेवर अक्षरं उमटली: वाहनमालक मयत. गाडी सुरू करता येत नाही.

तिनं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. मला वाटलं आता रडते, पण ती हसत होती. "उद्या सकाळपर्यंत मी मेलेली आहे. एक गाय बघायला जायचंय मला पलूसला."

"एसटी असते. खाली वळणावर थांबते," मी म्हणालो.

"किती वाजता?"

"माहीत नाही."

आम्ही उतार चालत गेलो. वळणावर थांब्याचा नुसता खांब होता आणि एक मोठा दगड. दगडावर दोघांपुरती जागा होती. ती बसली, बूट काढून झटकले, पाय पसरले. तिच्या कानात सोबती सारखा काहीतरी सांगत होता, मेलेल्या माणसाला काय सांगत असेल देव जाणे. तिनं तो काढून खिशात टाकला.

"बाबा, झोप आली तर झोपा. गाडी आली की उठवते."

"नको," मी म्हणालो. "तू झोप. मी बघतो."

तिनं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग खांबाला पाठ टेकवून डोळे मिटले. मी रस्त्याकडे बघत बसलो.